जुन्या मोटारीचा तांबडा रंग

मुंबई शहराचें आणि तांबड्या रंगाचें सख्य फार जुनें आहे. टपालाची पेटी तांबडी, आगीचा बंब तांबडा, आणि 'बेस्ट'ची बसगाडी तर इतकी तांबडी कीं, परगांवचा मनुष्य हें शहर त्या रंगावरूनच ओळखी. डिझेलवर चालणारी ती दुमजली तांबडी बस १५ सप्टेंबर २०२३ रोजीं शेवटची धांवली. त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरला काळ्या-पिवळ्या 'पद्मिनी' टॅक्सीचीही वीस वर्षांची मुदत भरली व तीही रस्त्यावरून निघून गेली. सार्वजनिक वाहनें अशीं नियमानें निवृत्त होतात. परंतु खासगी मालकीच्या जुन्या मोटारी अजून कोठें कोठें टिकून आहेत. दादरच्या हिंदु कॉलनींतील एखाद्या जुन्या इमारतीच्या आवारांत, गिरगांवांत एखाद्या वाडीच्या तोंडाशीं, परळ-लालबागच्या एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यांत अशी गाडी उभी दिसते. ती जर मूळची तांबडी असेल, तर आज ती बहुधा तांबडी दिसत नाहीं. बाजू मळकट लाल, बॉनेट व टप गुलाबी, आणि हात फिरवावा तर तळहाताला तांबूस पीठ लागतें. अशा गाडीचा रंग परत आणतां येतो काय, येत असल्यास कसा, आणि त्यासाठीं किती करावें व कोठें थांबावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय वरवर पाहतां हौशी लोकांचा वाटेल. पण ज्याच्या घरीं अशी गाडी आहे त्याच्यापुढें हा प्रश्न उभा राहिला, म्हणजे तो केवळ शोभेचा राहत नाहीं. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ दादरला राहतात. त्यांच्या वडिलांनीं १९६९ सालीं घेतलेली तांबडी फियाट गाडी त्यांच्याकडे आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील ही गाडी. हिचेंच रूप पुढें 'पद्मिनी' या नांवानें घरोघर ठाऊक झालें. वडील निवर्तले, मुलें मोठीं झालीं, गाडी महिन्यांतून एकदां-दोनदां बाहेर पडूं लागली आणि रंग विटत गेला. धाकट्या मुलाचें म्हणणें पडलें कीं, सगळा रंग खरवडून काढावा व झगझगीत नवा द्यावा. जवळच्या एका गॅरेजवाल्यानेंही तोच सल्ला दिला. त्यांत त्याचा महिन्याभराचा रोजगार होता. गृहस्थांचें म्हणणें असें कीं, हा रंग वडिलांनीं दर रविवारीं स्वतःच्या हातानें पुसलेला आहे, तो जाऊं देऊं नये. घरांत दोन तट पडले. एकाला वाटे, रंग मेला आहे, तेव्हां तो काढावा. दुसऱ्याला वाटे, रंग मेला असला तरी तो वडिलांच्या हातचा आहे, म्हणून तो ठेवावा. खरी गोष्ट दोघांच्याही ध्यानांत आली नव्हती. ती ही कीं, रंग मेलेलाच नव्हता.

हें कशावरून म्हणावें? याचें प्रमाण आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिलेलें आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला कीं, गुलाबी झालेली ती गाडी घटकाभर लालभडक दिसूं लागते, आणि वाळली कीं पुन्हा गुलाबी होते. पाण्यानें तिला कांहीं नवा रंग दिला असें नव्हे. शाळेंतील दगडी पाटी ज्यांनीं वापरली आहे त्यांना हें कोडें पडूं नये. कोरडी पाटी करडी दिसते. तिच्यावर ओला बोळा फिरवला कीं ती काळीभोर होते. पाटीचा पृष्ठभाग खरबरीत झाला म्हणजे त्यावर पडणारा प्रकाश चहूंकडे विखुरतो आणि त्या विखुरलेल्या पांढऱ्या प्रकाशांत मूळचा काळा रंग बुडून जातो. पाण्यानें त्या बारीक खांचा भरून निघतात, पृष्ठभाग क्षणभर गुळगुळीत होतो आणि आंतला रंग डोळ्यांपर्यंत पोंचतो. गाडीच्या बॉनेटवर नेमकें हेंच घडतें. तेव्हां पहिली परीक्षा अगदीं सोपी आहे. ओलें फडकें घ्यावें आणि विटलेल्या जागेवर फिरवावें. ओलेपणीं जो रंग दिसेल, साधारण त्याच्याइतका रंग परत मिळण्याची आशा धरावी. ओलेपणींही जर तेथें फिकटपणाच दिसला, तर मात्र रंगद्रव्यच खोलवर नासलें आहे असें समजावें.

आतां हा पृष्ठभाग खरबरीत कां होतो, तें पाहूं. मोटारीच्या रंगांत मुख्यतः दोन पदार्थ असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे रंगाची अतिशय बारीक पूड. आणि दुसरा त्या पुडीला पत्र्याशीं धरून ठेवणारा राळेसारखा बंधक. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण या बंधकावर वर्षानुवर्षें आघात करतात. हवेंतील प्राणवायु व ओलावा त्यांस साहाय्य करतात. बंधक ठिसूळ होतो, वरच्या वर त्याचें पीठ होतें आणि त्यांत अडकलेली रंगाची पूड मोकळी पडते. तळहाताला जें लागतें तें हेंच पीठ. ही क्रिया वरून खालीं चालते. वरचा पापुद्रा गेलेला असतो. खालचा थर पुष्कळदां चांगला शाबूत असतो.

हें सर्वच रंगांच्या बाबतींत होतें. मग तांबड्याचीच इतकी कुख्याति कां? कारण तांबड्याच्या बाबतींत बंधकाबरोबर रंगद्रव्यही दगा देतें. आपल्या पूर्वजांस हा भेद चांगला ठाऊक होता. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज. तो उन्हांत शतकानुशतकें राहिला तरी उडत नाहीं. म्हणूनच लोखंडी पुलांना व जाळ्यांना द्यावयाच्या तांबड्या अस्तरांत आजही लोहाचें तेंच ऑक्साइड असतें. पण गेरूची लाली तपकिरी. तिच्यांत तेज नाहीं. हिंगूळ तेजस्वी खरा, पण उन्हांत काळवंडतो. हळदीचें कुंकूं सुंदर, पण उन्हांत ठेवलें कीं उडून जातें. तात्पर्य, टिकाऊपणा व तेज हीं दोन्हीं एकाच तांबड्यांत मिळणें दुर्घट होतें. परळ-लालबागच्या गिरण्यांतील रंगारी 'पक्का रंग' व 'कच्चा रंग' असा जो भेद करीत, त्याचें मूळ हेंच. १८७९ सालीं नौरोसजी वाडिया यांनीं 'बॉम्बे डाईंग' सुरू केली, ती मुळीं सूत हातानें रंगांत बुडवून उन्हांत वाळविण्याचा लहानसा उद्योग म्हणून. उन्हांत वाळवूनही जो टिकतो, त्याच रंगाला बाजार होता.

मोटारीचा रंग हा त्या मानानें पुष्कळ अलीकडचा. आरंभीं मोटारीला घोडागाडीप्रमाणेंच तेलाचें वार्निश हातानें देत, आणि तें वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ सालीं अमेरिकेंतील ड्युपाँ कंपनीनें 'ड्युको' नांवाचा झटपट वाळणारा फवाऱ्याचा रंग काढला, तेव्हां कोठें कारखान्यांची ही अडचण दूर झाली. आमच्या मुंबईनेंही या उद्योगांत मागें राहूं नये असा जणूं चंगच बांधला. १९२० सालीं लोअर परळला गॅहॅगन पेंट्स ही कंपनी निघाली. तीच आजची कन्साई नेरोलॅक. १९४२ सालीं चार मित्रांनीं गिरगांवांतील गायवाडींत एशियन पेंट्सचा आरंभ केला. रंग येथें तयार होऊं लागले, तरी तेजस्वी तांबड्याची अडचण साऱ्या जगाला होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालेलें टोल्युइडिन नांवाचें तांबडें द्रव्य स्वस्त व भडक होतें. पण फिकट छटेंत त्याचा टिकाव कमी. १९५८ सालीं क्विनॅक्रिडोन या जातीचीं रंगद्रव्यें बाजारांत आलीं, आणि १९८० नंतरच्या दशकांत 'डीपीपी' या संक्षिप्त नांवानें ओळखलें जाणारें तांबडें आलें. हीं दोन्हीं उन्हाला पुष्कळच दाद देत नाहींत. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. आजची तांबडी मोटार दहा वर्षें उन्हांत उभी राहून जी टिकते, ती आपल्या पुण्याईनें नव्हे, तर रसायनशास्त्राच्या साठ वर्षांच्या तपश्चर्येनें. आणि १९६९ ची मोटार विटली, यांत तिचा कांहीं अपराध नाहीं.

त्यांत मुंबईची हवा. येथें वर्षांतील आठ महिने कडक ऊन, चार महिने संततधार, आणि बारा महिने समुद्राचा खारा वारा. गाडी सांवलींत ठेवावी म्हणून झाडाखालीं लावली, तर कावळे व कबुतरें यांची विष्ठा आणि झाडाचा चिकट रस तिच्यावर पडतो. पांखरांची विष्ठा उन्हांत रंगावर वाळली, तर एका दिवसांतही कायमचा डाग पडतो. बॉनेट, टप व डिकी हे आडवे भाग आकाशाकडे तोंड करून असतात, म्हणून ते आधीं विटतात. दरवाजे उभे असल्यामुळें उशिरा. दरवाजाच्या आंतल्या कडेला, डिकीच्या रबराखालीं किंवा पायदानाच्या आंत पाहावें, म्हणजे कारखान्यांतून बाहेर पडलेला रंग तेथें जसाच्या तसा आढळतो.

आतां उपायाकडे वळूं. हातांत फडकें घेण्यापूर्वीं गाडीवर कोणत्या जातीचा रंग आहे, हें पाहिलें पाहिजे. जुन्या गाड्यांवर रंग व चकाकी एकाच थरांत असे. पुढें रंगाचा थर निराळा व त्यावर पारदर्शक वार्निशाचा थर निराळा, अशी रीत पडली. परीक्षा अशी. आडोशाच्या जागीं पांढऱ्या सुती फडक्यावर थोडें पॉलिश घेऊन हलकेच घांसावें. फडकें तांबडें झालें, तर रंग एकेरी थराचा. पांढरेंच राहिलें, तर वर वार्निश आहे. एकेरी थराचा रंग विटला असेल तर तो उजळतां येतो. परंतु वरचें वार्निशच पापुद्रे धरून सुटूं लागलें असेल, तर जगांतील कोणतेंही पॉलिश तें चिकटवूं शकत नाहीं. तेथें नव्यानें रंग देण्यावांचून गत्यंतर नाहीं.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे शिल्लक. हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडें सविस्तर सांगतों. कारखान्यांत मोटारीवर चढवलेल्या सगळ्या थरांची, म्हणजे अस्तरासकट रंगाची, जाडी साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरला, तर दोन केंसांची जाडी, एवढीच काय ती गाडीची सारी दौलत! त्यांतलें अस्तर वजा घातलें, तर तांबड्याच्या वाट्याला आणखी थोडें राहतें. घांसून उजळणें याचा अर्थ वरचा मेलेला पापुद्रा काढून टाकणें. म्हणजे आपण रंग 'परत आणतों' असें तोंडानें म्हटलें, तरी प्रत्यक्षांत आपण कांहीं देत नाहीं, घेतच असतों. प्रत्येक घांसणीला मुद्दलांतून खर्च होतो, आणि हें मुद्दल पुन्हा कधींही भरून येत नाहीं. आजोबांनीं दोनदां, वडिलांनीं चारदां आणि गॅरेजवाल्यानें प्रत्येक दिवाळीला 'रबिंग' मारलें असेल, तर नातवासाठीं कितीसें उरलें असणार? जाडी मोजण्याचें लहानसें यंत्र मिळतें. ओळखीच्या रंगाऱ्याकडे असल्यास तें लावून पाहावें. नसल्यास कडा व घड्या निरखून पाहाव्या. रंग तेथें सर्वांत पातळ असतो. तेथून करडें किंवा गेरूच्या रंगाचें अस्तर डोकावूं लागलें असेल, तर ती धोक्याची सूचना आहे.

येथें आरोग्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जुन्या तांबड्या व नारिंगी मोटाररंगांत शिसें व क्रोमियम यांचे क्षार वापरीत. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दर दहा लाख भागांस ९० भागांपेक्षां अधिक असूं नये, असा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; पण अर्धशतकापूर्वींच्या मोटारीला त्याचा काय उपयोग? म्हणून असा रंग कोरडा घांसून त्याची धूळ उडवूं नये. काम ओलें करावें, हातमोजे घालावे, नाकावर चांगल्या प्रतीचा मास्क असावा, लहान मुलांस दूर ठेवावें, आणि तांबडीं झालेलीं फडकीं घरच्या कपड्यांबरोबर धुवूं नयेत.

एवढी तयारी झाली म्हणजे कृति अवघड नाहीं. तिला फक्त वेळ लागतो. सकाळीं, गाडी थंड असतांना, सांवलींत काम करावें. प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी; कोरड्या धुळीवर फडकें फिरवणें म्हणजे वाळूनें घांसणेंच. मग मोटारीच्या सौम्य शांपूनें धुवावें. भांड्यांची वा कपड्यांची पूड वापरूं नये. दोन बादल्या ठेवाव्या; एकींत साबणपाणी व दुसरींत फडकें खंगळण्याचें पाणी. धुतल्यावरही बोटांना खडे लागत असतील, तर मोटारीसाठीं मिळणारी मऊ मातीसारखी वडी साबणपाण्याच्या ओलाव्यावर हलक्या हातानें फिरवावी. रुतून बसलेले कण ती उचलून घेते.

यापुढची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि तीच सर्वांत गुणकारी आहे. वाळून ठिसूळ झालेल्या रंगाला घांसण्यापूर्वीं तेल पाजावें. खोबरेल किंवा रॉकेल नव्हे. त्यांनीं दोन दिवस झांक येते आणि मग त्यावर धूळ बसते. मोटारीच्या रंगासाठीं मिळणारें, खर नसलेलें तेलयुक्त ग्लेझ घ्यावें. तें जाड सुती टॉवेलाच्या तुकड्यानें सढळ हातानें चोपडावें, रात्रभर तसेंच राहूं द्यावें आणि दुसऱ्या दिवशीं पुसून काढावें. तेलानें नासलेला बंधक सजीव होत नाहीं, हें खरें. परंतु कोरड्या खांचा भरतात, रंग गडद होतो आणि पुढें घांसतांना चांगला थर विनाकारण उकरला जात नाहीं.

नंतर परीक्षेची जागा. डिकीच्या कोपऱ्यांत वीतभर चौकोन घ्यावा, आणि सर्वांत सौम्य पॉलिशानें सुरुवात करावी. सौम्यानें काम होत असेल, तर तीव्र वापरूंच नये. फडकें तांबडें होईल, त्याला घाबरूं नये. मेलेला रंग जातो आहे. मात्र फडक्याची बाजू वारंवार बदलावी, कारण मळलेलें फडकें तीच मेलेली पूड पुन्हा रंगावर घांसतें. कडा, घड्या व नक्षीच्या उंच रेषा यांवर आधींच कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. त्या शेवटीं हातानें, अगदीं बेताबेतानें कराव्या. यंत्र वापरावयाचें असेल, तर नवशिक्यानें एकाच जागीं गरगर फिरणारें यंत्र हातीं धरूं नये. तें एका जागीं क्षणभर अधिक थांबलें तरी रंग तापतो व जळतो. गोल फिरतां फिरतां हेलकावेही घेणारें यंत्र त्या मानानें सुरक्षित. आणि मुख्य म्हणजे पूर्ण चकाकीच्या मागें लागूं नये. ऐंशी टक्के काम झालें कीं हात थांबवावा. उरलेले बारीक ओरखडे हें त्या गाडीचें वय आहे. तें पुसण्याच्या नादांत आयुष्य पुसलें जातें.

शेवटीं मेण. ब्राझील देशांतील कार्नौबा नांवाच्या ताडाच्या पानांचें मेण यासाठीं प्रसिद्ध आहे. कृत्रिम लेपही चांगले मिळतात. मेण पातळ लावावें, आणि दर दोन-तीन महिन्यांनीं, विशेषतः पावसाळ्याच्या आधीं व नंतर, पुन्हा लावावें. एकेरी थराचा जुना रंग उजळून तसाच उघडा ठेवला, तर कांहीं महिन्यांत तो पुन्हा गुलाबी होतो, आणि मग पुन्हा घांसणें, पुन्हा खर्च! घांसणें हा वर्षानुवर्षांतून एकदां करावयाचा उपाय, मेण लावणें हा नित्याचा आचार. आपल्याकडे बहुधा उलट होतें. गाडीवर आच्छादन घालावयाचें तर तें श्वास घेणारें कापडी असावें. प्लॅस्टिकच्या खोळीखालीं ओल कोंडते व पत्रा गंजतो. आणि आच्छादन मळक्या गाडीवर कधींही ओढूं नये.

दादरच्या त्या गाडीवर हें सारें तीन रविवारीं झालें. पहिल्या रविवारीं डिकीवरचा वीतभर चौकोन उजळला, तेव्हां भोंवतालच्या गुलाबींत तो डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसूं लागला. ज्या मुलानें रंग खरवडावा म्हणून हट्ट धरला होता, त्यानेंच पुढचें फडकें हातांत घेतलें, आणि मग वडिलांना तें घेऊं देईना. टपाच्या एका कडेला मात्र अस्तर उघडें पडलेलें होतें. तेवढी जागा त्यांनीं घांसली नाहीं. मेण लावून तशीच ठेवली. ती आजही दिसते. गॅरेजचा खर्च वांचला हा लाभ आहेच. पण त्या घरांत दोन मतांचा जो पेंच पडला होता, तो कोणाची हार न होतां सुटला, हा मला अधिक मोलाचा वाटतो. मुलाला तांबडी गाडी मिळाली, आणि वडिलांचा रंगही राहिला.

सर्वच गाड्यांचें दैव असें चांगलें नसतें, हेंही सांगितलें पाहिजे. रंगाला खोल चिरा गेल्या असतील, गंजानें फोड आले असतील, वा अस्तर जागोजाग उघडें पडलें असेल, तर नवा रंग देणें हेंच शहाणपण. पण तेव्हांही छटा ठरवितांना विटलेलें बॉनेट दाखवूं नये. दरवाजाच्या आंतला किंवा रबराखालचा न विटलेला नमुना रंगाच्या दुकानीं न्यावा, आणि जुळलेली छटा दुकानांतल्या दिव्याखालीं नव्हे, तर उघड्या उजेडांत पाहावी. तेजस्वी तांबडा रंग खालचा थर झांकण्यास दुबळा असतो. म्हणून खालचें अस्तर करडें आहे कीं पांढरें, यावर वरची लाली बदलते. रंगाऱ्याला हें आधींच विचारावें. सिलिकॉनयुक्त पॉलिश पूर्वीं लावलें असेल तर तेंही सांगावें, कारण त्याचा अंश राहिला तर नव्या रंगांत माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. शिवाय आजचे दोन घटकांचे रंग फवारतांना निघणारी वाफ फुप्फुसांस अपायकारक असते. तें काम योग्य साधनें असलेल्या गॅरेजांतच व्हावें, वाडीच्या बोळांत नव्हे. पत्रा पुरता साफ न करतां, अस्तर पुरतें वाळूं न देतां गणपतीच्या आधीं गाडी हवी म्हणून घाईनें दिलेला रंग परळच्या एका गल्लींत मी पाहिला आहे. दुसरा पावसाळा संपण्यापूर्वींच त्याला फोड आले. आणि खालचा मूळ रंग तर आधींच खरवडला गेला होता.

मूळ वस्तु राखावी, हा विचार केवळ भावनेचा नाहीं. आतां त्याला जगांत व कायद्यांतही मान मिळाला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं 'ट्युरिन सनद' या नांवाचीं तत्त्वें संमत केलीं. जुन्या मंदिराला किंवा चित्राला आपण जो न्याय लावतों, तोच वाहनाला लावावा. जतन आधीं, दुरुस्ती नंतर, आणि नवें रूप देणें सर्वांत शेवटीं, असा त्यांचा आशय आहे. आपल्या केंद्र सरकारनेंही जुलै २०२१ मध्यें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे निराळे नियम केले. ५० वर्षांहून जुनें, मूळ स्वरूपांत राखलेलें, आणि सांगाडा, बाह्यांग वा एंजिन यांत भरीव फेरबदल न झालेलें वाहन 'विंटेज' म्हणून नोंदवितां येतें. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती किंवा इंधन भरणें अशा कारणांसाठींच रस्त्यावर आणावयाची असते. त्याच छटेचा रंग पुन्हा दिला म्हणून हा हक्क जातो असें नाहीं. मात्र निराळाच रंग द्यावयाचा असेल, तर नोंदणीच्या कागदांत रंगाचा उल्लेख असल्यानें परिवहन कार्यालयास कळवावें लागतें. हॉर्निमन सर्कलपाशीं जुन्या गाड्यांचे मेळावे भरत आले आहेत. तेथें जाणत्या लोकांचा घोळका कोठें जमतो, हें एकदां पाहावें. आरशासारख्या चकाकणाऱ्या गाडीपाशीं लोक छायाचित्र काढतात. पण मूळ रंग राखलेल्या गाडीपाशीं ते थांबतात व प्रश्न विचारतात.

श्रोतेहो, विटलेली प्रत्येक वस्तु गेलेली नसते, आणि झगझगीत प्रत्येक वस्तु वांचलेली नसते. आपल्या आवारांत अशी एखादी गाडी उभी असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वीं एक ओलें फडकें तिच्यावर फिरवून पाहावें. आंत लाली दिसली, तर घाई करूं नये. पाणी, तेल, सौम्य हात व मेण या क्रमानें चालावें, आणि पुढच्या पिढीसाठीं थोडा रंग शिल्लक ठेवावा. लाली दिसली नाहीं, तर निःशंकपणें नवा रंग द्यावा. परंतु डिकीच्या रबराखालची ती मूळची बोटभर पट्टी तेवढी तशीच राहूं द्यावी. पुढें कोणा नातवानें विचारलें कीं, ही गाडी मुळांत कशी होती, तर त्याला बोट ठेवून दाखवितां येईल.